खारशेतची कायदेशीर दिवाळी

अहो, भुईचक्र लावायला हेल्मेट! भुईचक्र! जे बिचारं जमिनीवर चार गिरक्या घेतं, दोन ठिणग्या टाकतं आणि कुणाच्या अध्यातमध्यात न येता विझून जातं, ते लावायला डोक्यावर पांढरं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात शिट्टी, हातात हातभर लांब अगरबत्ती, आणि वर हा गृहस्थ दोनशे माणसांवर ओरडतोय, "मागे! पाच मीटर मागे! कायद्यात बसतंय का बघा!"... बसतंय हो गणराजकाका, मांडी घालून बसतंय, पण लावा आता एकदाचं, अगरबत्ती विझली तुमची!

हसू नका. तुम्हाला हसायला काय जातंय, तुमच्या गावात गणराज चोगले नाही. आमच्या गावात आहे.

खारशेत तुम्हाला माहीत नसेल, असायचं कारणही नाही. मुरूडहून आगरदांड्याला जाताना एसटीचा ड्रायव्हर जिथे गियर न बदलता पुढे निघून जातो, ते आमचं गाव. समोर खाडी, खाडीपलीकडे दिघीची बाजू, मध्ये जे काही पाणी आहे ते आमचं की त्यांचं ह्यावर तीन पिढ्या भांडण. अशा गावात हा गणराज रिटायर होऊन परत आला. अठ्ठावीस वर्षं न्हावा-शेव्याच्या एका गोदामात होता. काय करत होता म्हणाल, तर धोकादायक मालाच्या कंटेनरवर लेबलं चिकटवत होता. पेट घेणारा माल, लाल लेबल. विषारी, पांढरं. स्फोटक, नारिंगी. झालं! अठ्ठावीस वर्षं माणूस डब्याच्या बाहेर उभा राहिला, आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघितलं नाही, आणि गावात येऊन पारावर बसून सांगतो, "स्फोटकांमध्ये आयुष्य गेलं माझं." जणू काही हा बोगदे फोडत होता!

आता खरं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. सणाच्या दिवशी गोदामातले सगळे रजेवर, आणि पहाऱ्याला कोण? तर हा. अठ्ठावीस लक्ष्मीपूजनं ह्या माणसाने 'आगपेटी बाळगण्यास सक्त मनाई' ह्या पाटीखाली डबा खात काढली. हातात साधी फुलबाजीसुद्धा कधी धरली नाही. हे तो स्वतः कधी बोलला नाही हां, ह्याच्या बायकोने, सुचितावहिनीने, पाण्याच्या नळावर सांगितलं. त्यामुळे रिटायर झाल्यावर पहिल्याच दिवाळीला काका दुपारपासून दाढीबिढी करून तयार. आयुष्यात एकदा स्वतःच्या हाताने काहीतरी आकाशात उडवायचं, एवढीच इच्छा. आता ही इच्छा धरावी कुणी आणि कुठे? तर ह्याने, आणि खारशेतात!

कारण आमच्या गावाची फटाके वाजवायची रीत तुम्ही बघितलेली नाही. फुसका गेलेला फटाका पुन्हा कसा लावायचा? तर तोंड खाली नेऊन वातीवर फुंकर मारायची. सुतळी बॉम्ब कुठे लावायचा? स्टीलच्या डब्याखाली, आणि डब्यावर एक पाय ठेवून. माळ? लुंगीच्या ओच्यात. ह्या सगळ्यांचा गुरू म्हणजे मोरू नाखवा. स्वतःची होडी आहे, बावीस वर्षं समुद्रावर जातो, वादळातून परत आलाय, आणि रॉकेट लावताना अक्कल मात्र होडीतच ठेवून येतो. त्या दिवाळीला त्याने दोन रॉकेटं सुतळीने एकमेकांना बांधली, पाण्याच्या पाइपात घातली, पाइप बगलेत धरला आणि म्हणतो, "हे डायरेक्ट दिघीला उतरतंय बघा!"

दिघीला? ते रॉकेट निघालं ते आधी देवळाभोवती अर्धी फेरी मारून आलं, मग सरपंचबाईंच्या ओटीवर डोकावलं, घरात कुणी नाही बघून परत फिरलं, पांडूच्या सायकलच्या दोन चाकांमधून गेलं, आणि शेवटी थकून घुसलं कुठे, तर नीराबाईने दोऱ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांत. चार दोऱ्या बोंबील जागच्या जागी भाजून तयार! वास असा सुटला, असा सुटला, की आगरदांड्याला उभी असलेली जंगल जेट्टी, गाड्या घेऊन पलीकडे जाते ना ती बोट, दहा मिनिटं उशिरा सुटली; उतारू म्हणे, वास कुठून येतोय ते कळल्याशिवाय आम्ही हलत नाही. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना.

आणि गणराजकाका? ते पहिली फुलबाजी पेटवायला वाकले होते. पेटायच्या आत नीराबाईचा आवाज आला. तो आवाज आला की गावात चूलसुद्धा विझते.

दुसऱ्या आठवड्यात ग्रामसभा. नीराबाई काळे पडलेले बोंबील ताटलीत घेऊन हजर. "माझं बोंबील जळलं त्याचं काय न्हाय," म्हणते, "पन उद्या कुनाचं घर जळल, कुनाचं प्वार जळल, तवा काय ताटलीत घेऊन येऊ हितं? बंद म्हंजे बंद! ह्या गावात आता टिकलीसुदीक वाजली न्हाय पायजे!" आणि बोलली त्यात खोट काय होती सांगा? सगळे खाली माना घालून बसले. मोरू तर ताटलीकडे बघत होता, पण त्याचं कारण वेगळं, त्याला भूक लागली होती.

सरपंच अतियाबाई. बाई शांत, पण कागदाच्या पक्क्या. त्यांनी पेन उघडलं. कायमच्या बंदीचा ठराव लिहायला घेतला, आणि तेवढ्यात मागून आवाज, "एक संधी द्या!"

कोण? हेच आपले हेल्मेट!

काका उभे. "एक वर्ष माझ्यावर सोपवा. सगळं नियमाने करून दाखवतो. सुरक्षित आणि कायदेशीर. एक बोट भाजलं तर मला विचारा." आणि मग ते वाक्य, जे पुढे वर्षभर आमच्या कानात माशीसारखं घोंघावत राहिलं, "सगळं कायद्यात बसलं पाहिजे!"

अतियाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "ठीक आहे काका. पण मी लिहून ठेवते. येत्या दिवाळीत फटाक्यांबद्दल एक, फक्त एक, तक्रार पोलिसांत नोंदवली गेली, की खारशेतच्या हद्दीत फटाके कायमचे बंद. पोरांनी रडून उपयोग नाही, मोठ्यांनी भांडून उपयोग नाही. करा सही." काकांनी सही केली, खाली तारीख घातली, तारखेखाली वेळ घातली. नीराबाईने अंगठा असा दाबला की मागच्या पानावर उमटला.

झालं! गावाची दिवाळी ह्या लेबलवाल्याच्या हातात!

आता सुरक्षित दिवाळी करायची म्हणजे काय करायचं? बादलीभर पाणी ठेवायचं, फटाका लावून लांब पळायचं, संपलं! पण नाही. काकांनी पहिल्यांदा गावाचा नकाशा काढला. शाळेपासून शंभर मीटर फटाका चालत नाही, मारलं वर्तुळ. दवाखान्यापासून शंभर मीटर, मारलं वर्तुळ. देऊळ, मारलं. मशीद, मारलं. ही झाली कायद्याची. मग काकांची स्वतःची सुरू. रॉकेलचं दुकान, मारलं. पेंढ्यांची उडवी, मारलं. जाळी ठेवायची झोपडी, वाळवण, डिझेलची पिंपं, मारलं, मारलं, मारलं! नकाशा असा दिसायला लागला जसं पावसाचे थेंब पडलेलं डबकं. शेवटी अख्ख्या खारशेतात फटाका लावायला योग्य अशी एकच जागा उरली. कुठली? तर किनाऱ्यावरची वाळूची एक पट्टी. जी भरतीला पाण्याखाली असते!

"काका," मोरू म्हणाला, "लक्षुमीपूजनाला आवस. आवसेची भरती बारा-साडेबाराची. आठाला पानी चढायला लागलेलं असनार. धाला तितं कंबरभर पानी."

काका म्हणाले, "कायद्याने वेळ आठ ते दहा. समुद्र काय करतो तो त्याचा प्रश्न."

आहे का काही बोलायची सोय?

मग माल तपासणी. घरोघरचे फटाके देवळासमोर आणायचे. हिरवा फटाका पाहिजे, म्हणजे कमी धुराचा, खोक्यावर शिक्का पाहिजे, शिक्क्याजवळचा चौकोन मोबाईलने वाचता आला पाहिजे. आमच्या लोकांनी आपलं म्हसळ्याच्या बाजारातून, कुठल्यातरी गाडीवरून, गोणीच्या भावात माल उचललेला. मोरूच्या खोक्यावर मोठा पोपट. "हिरवा हाय की काका, हे बघा, पंखसुदीक हिरवं!" काकांनी पोपटावर मोबाईल धरला. मोबाईल काही बोलेना. पोपट गेला पिंपात. पाण्याच्या पिंपात, चोवीस तास भिजत! त्याच्यामागे सुतळी बॉम्ब गेले, माळा गेल्या, रॉकेटं गेली. लोक असे उभे जसे कुणाला पोचवायला आलेत. एकाने चिडून विचारलं, "मंग वाजवायचं काय? टाळ्या?" काकांनी खरोखर वहीत बघितलं, टाळ्यांवर बंदी आहे का.

शेवटी अख्ख्या गावात मिळून पास काय झालं? फुलबाज्या, भुईचक्रं आणि चार भुईनळे. दोनशे माणसांत चार!

आणि सराव! तीन संध्याकाळी सराव! सुती कपडे घालून या, नायलॉन चालणार नाही, पायात चपला नाही, बूट. कोळीवाड्यात बूट! कुणी गमबूट घालून आलं, कुणी क्रिकेटचे. काका रांगेपुढे फिरताहेत, "भाजलं तर काय लावाल?" सगळं गाव एका सुरात, "टूथपेस्ट!" "चूक! काही लावायचं नाही! नळाखाली धरायचं, गार पाणी, वीस मिनिटं!" मागून नीराबाई म्हणाली, "काका, नळाला पानी दिसातनं पंदरा मिन्टं येतं. वरली पाच मिन्टं कुटं धरू?" काकांनी तेही लिहून घेतलं. पाणीपुरवठ्याला अर्ज केला. कायद्यात बसवून!

पण एक सांगतो. चार भुईनळे पास झाले त्या संध्याकाळी काका एकटेच देवळाच्या पायरीवर बसले होते. उडणारं काहीच नाही. एकूण एक रॉकेट ह्याच हाताने पिंपात बुडवलेलं. आता काय उडवणार आकाशात? वही?

आणि तिथे आला मोरू. बगलेत नारिंगी डबा.

"काका," म्हणतो, "ह्ये चालंल का?"

डब्यात काय, तर होडीवरचे सिग्नल. समुद्रात होडी संकटात सापडली की वर सोडतात ना, लाल? लायसनला ठेवावेच लागतात. मुदत संपली की नवे घ्यायचे, जुने जमा करायचे. मोरू कसले जमा करतो, माळ्यावर टाकतो. बावीस वर्षं विकत घेतोय, आणि देवदयेने एकदाही उडवायची वेळ आली नाही. त्यामुळे ते वर गेल्यावर दिसतं कसं, हे त्या पठ्ठ्यानेही कधी बघितलेलं नव्हतं! दोन येडे, एक डबा.

काकांनी हात लावला नाही. आधी वाचलं. अठ्ठावीस वर्षांची सवय. कंपनीचं नाव आहे? आहे. सरकारी मान्यतेचा शिक्का? आहे. वापरायच्या सूचना, चित्रांसकट? आहेत. आवाज? नाही. माळ फुटणं, तडतड, काही नाही. तीनशे मीटर वर जायचं आणि छत्री उघडून लाल दिवा लोंबकळत खाली यायचा. अहो, काकांच्या डोळ्यांत पाणी आलं! वर्षभर ज्याच्या मागे होते तो आदर्श फटाका, मान्यताप्राप्त, सुशिक्षित, सभ्य!

"पण हा संकटातच उडवायचा असतो," काका म्हणाले. बघा, माहीत होतं हां! "फटाका म्हणून नाही चालत."

मोरूने डबा उलटा केला. "मुदत बघा. संपली."

काकांनी तारीख दोनदा वाचली. आणि मग तोंडातून जे बाहेर आलं, ते ऐका. म्हणाले, "मुदत संपली... म्हणजे आता हा सिग्नल राहिला नाही."

"न्हाय ऱ्हायला."

"रिटायर झालेला पोलीस पोलीस नसतो. साधा नागरिक असतो."

"व्हय तर."

"मग रिटायर झालेला सिग्नल काय असतो?"

मोरू म्हणाला, "फटाका!"

"कायद्यात बसतं!" काका म्हणाले.

मी तुम्हाला विचारतो, मुदत संपलेलं औषध पेपरमिंट होतं का? मुदत संपलेला नवरा दीर होतो का? पण ज्याच्या जिवाला एकदा तरी वर काहीतरी सोडायचंय, त्याला कायदासुद्धा कसा मऊ होऊन बसतो बघा!

लक्ष्मीपूजनाचा दिवस. आठ वाजता दोनशे माणसं वाळूच्या त्या पट्टीवर, दोरीच्या आत. बादल्या अठरा, वाळूची घमेली बारा, हेल्मेट एक. पहिलं भुईचक्र. दुसरं भुईचक्र. फुलबाज्या. एक भुईनळा, शिट्टी, टाळ्या, पाच मिनिटं थांबा, दुसरा भुईनळा. आणि पाणी चढतंय! सव्वाआठला दोरीशी आलं. "दोरीबाहेर कुणी जायचं नाही!" काका. "तिकडे पेंढ्याचं वर्तुळ सुरू होतं!" घोट्यापर्यंत आलं. नीराबाईने लुगडं वर खोचलं. गुडघ्याशी आलं. भुईचक्रं लावायला जमीनच राहिली नाही, लोकांनी फुलबाज्या डोक्यावर धरल्या, बादल्या तरंगायला लागल्या, आता पाण्याची बादली पाण्यात कशाला पाहिजे हे विचारायची कुणाची हिंमत नाही!

आठ चाळीस. काकांनी गॉगल लावला. सूचना मोठ्याने वाचल्या. वाऱ्याला पाठ, हात लांब, तोंड बाजूला. दोनशे माणसं गुडघाभर पाण्यात माना वर करून उभी. काकांनी सिग्नलची दोरी ओढली.

आणि गेलं ते!

काय सांगू तुम्हाला... मी काकांना शिव्या देतो, पुढेही देणार आहे, पण ते वर गेलं, छत्री उघडली, आणि अख्खी खाडी लाल झाली. पाणी लाल, होड्या लाल, नीराबाईचं नाक लाल. वाऱ्यावर हळूहळू डुलत, आवाज नाही, धूर नाही, असं लोंबकळत राहिलं. नीराबाईच म्हणाली, "बाय माझे... किती गोड दिसतंय." आणि काका? तोंड उघडं, मान वर, हेल्मेट मागे सरकलेलं, साठ वर्षांचा माणूस पाच वर्षांचा दिसत होता.

आता त्याच वेळी पलीकडे काय झालं ते बघा. पलीकडच्या किनाऱ्यावर तबरेज म्हणून एकजण आपल्या दोस्ताच्या अंगणात चकली खात बसलेला. होडीवाला माणूस. लाल दिसलं, आणि चकली हातातून खाली. मुदत संपलीय की नाही, ते तीनशे मीटरवरून दिसतं होय? लाल म्हणजे माणसं बुडतायत! त्याने हाक मारली, त्या हाकेवर वाडी उठली, वाडीवरून पुढची वाडी. लक्ष्मीपूजन अर्धं टाकून माणसं धावली. नवे सदरे, अंगाला उटण्याचा वास, कपाळाला कुंकू, आणि खांद्यावर वल्ही! चाळीस होड्या, अहो चाळीस, मोजायला मी होतो, दिवे लावून खाडीत शिरल्या, सगळ्यांची तोंडं खारशेताकडे!

आणि आमचे काका काय म्हणाले? चाळीस होड्या दिवे लावून येताना बघून काय म्हणाले हे महापुरुष? म्हणाले, "लोक बघायला येतायत!"

आणि दुसरा सोडला!

होड्या दुप्पट वेगाने आल्या. जवळ येऊन बघतात तर काय, दोनशे माणसं मांड्यांपर्यंत पाण्यात, बायका-पोरं, हात वर करून फुलबाज्या हलवतायत, आजूबाजूला बादल्या तरंगतायत, आणि मध्ये एक हेल्मेटवाला शिट्टी फुंकतोय! तुम्ही असतात तर काय समजला असतात? तबरेजने पहिली झडप नीराबाईवर घातली. "घाबरू नका मावशी, पकडला तुम्हाला! सबर करा!" नीराबाई किंचाळतेय, "सोड मुडद्या, मी हुबी हाय!" "हां हां, असाच वाटतो बुडताना!" उचलून होडीत टाकली. तिच्यामागे मोरूला टाकला. मोरूला! तो ओरडतोय, "मी नाखवा हाय!" तर दुसरा म्हणतो, "नाखवा असून होडी बुडवलीस? लाज न्हाय वाटत?" पंधरा मिनिटांत अर्धं गाव वाचवलं त्यांनी. उरलेलं गाव वाचवून घ्यायच्या भीतीने दोरी ओलांडून पळालं, सरळ पेंढ्याच्या वर्तुळात!

आणि मग सागरी पोलिसांची बोट.

साहेब तरुण होते, पण चेहरा दमलेला. कुठल्यातरी ताटावरून उठून आलेले, मिशीला अजून करंजीचं सारण. किनाऱ्यावर उतरले. "कोण बुडालं?" कोणीच नाही. "किती बेपत्ता?" कोणीच नाही. "मग सिग्नल कुणी सोडला?" दोनशे बोटं एका दिशेला.

काका पुढे आले. हेल्मेट काढून हातात. "मुदत संपलेला होता साहेब. म्हणून मी..."

"मुदत संपलेला तर जास्त धोकादायक! हातात फुटला असता! आणि संकटाचा सिग्नल गंमत म्हणून सोडणं गुन्हा आहे, मुदत असो नाहीतर नसो. चाळीस होड्या अंधारात निघाल्या, एखादी उलटली असती तर?"

काकांनी फक्त एवढं विचारलं, "म्हणजे... कायद्यात बसत नाही?"

"नाही बसत."

काकांनी गळ्यातली शिट्टी काढून हेल्मेटमध्ये ठेवली.

साहेबांनी काकांकडे बघितलं, मांड्यांपर्यंत भिजलेली विजार बघितली, त्यांनाही काय वाटलं कोण जाणे. वही काढली आणि गर्दीला विचारलं, "ह्या माणसाबद्दल कुणाची तक्रार आहे?"

आता बघा. एक तक्रार, की खारशेतचे फटाके कायमचे बंद. सगळ्यांच्या माना वळल्या त्या नीराबाईकडे. ती होडीतून उतरत होती, चिंब, अंबाडा सुटलेला. आता ही बोलणार. मोरूने डोळे मिटले. नीराबाईने पदर पिळला, काकांकडे बघितलं, आणि म्हणाली, "कुनाची तक्रार न्हाय साहेब. झाला म्हातारा येडा एक दिस. सनासुदीला काय त्याचं."

अतियाबाई म्हणाल्या, "पंचायतीची तक्रार नाही. चहा घेऊन जा साहेब."

चाळीस होड्यांच्या वतीने तबरेज म्हणाला, "आमची पन न्हाय. छोडो साहेब. कोनी मेला न्हाय, शुक्र अल्ला का."

साहेबांनी वही मिटली. "समज देऊन सोडतो. पुन्हा नको." अहो, वाचलो! गावाची दिवाळी वाचली, पोरं नाचायला लागली, मोरूने साहेबांना मिठी मारायला हात पसरले, आणि...

"तक्रार आहे," आवाज आला.

साहेब वळले. "कुणाची?"

"माझी."

"कुणाविरुद्ध?"

"गणराज चोगले यांच्याविरुद्ध."

"गणराज चोगले कोण?"

"मीच."

नाही, मी विचारतो, असा माणूस पाहिलाय तुम्ही? साहेब समजावतायत, "अहो काका, मिटलं ते." काका म्हणतायत, "गुन्हा झाला असं तुम्हीच म्हणालात. झाला असेल तर लिहा. झाला नसेल तर म्हणालात का?" मोरूने मागून तोंड दाबलं, काका नाकाने बोलतायत! सुचितावहिनी म्हणतायत, "अहो, घरी चला, थंडी भरेल." काका म्हणतायत, "आधी सही." साहेबांनी लिहिलं शेवटी. काय करतील? आणि लिहिताना वेळ आठ चाळीस घातली, तर काका म्हणाले, "ती पहिल्याची. दुसरा आठ अठ्ठावन्नला. दोन गुन्हे आहेत."

त्या रात्री घरी जाऊन जेवले नाहीत म्हणे. अंथरुणावर पडल्यावर वहिनींना फक्त विचारलं, "लाल चांगलं दिसलं ना गं?" वहिनी म्हणाल्या, "चांगलं दिसलं." मग झोपले. बाकी गाव झोपलं नाही, शिव्या देत जागं होतं.

ग्रामसभेत अतियाबाईंनी कागद वाचला, घडी घातली. एक तक्रार म्हटलं होतं, दोन झाल्या. खारशेतात फटाके कायमचे बंद. आणि वर बाईंनी नवीन ठराव घातला. म्हणाल्या, "चाळीस होड्या पूजा सोडून आपल्यासाठी आल्या. आता पलीकडे दिवाळीत लाल काही दिसलं, तर आपण जायचं. रॉकेट असेल, भुईनळा असेल, इथून काय कळतंय? शंका आली तरी जायचं." अंमलबजावणीला कोण? विचारायलाच नको!

तर दोन दिवाळ्या झाल्या. पलीकडे रॉकेट उडालं, की शिट्टी. लाल उडालं, की शिट्टी. नवे कपडे घालून अख्खं गाव होड्यांत. सात वेळा वल्ही मारत गेलो, सात वेळा तबरेज हात जोडून म्हणाला, "बाबांनो, कोनी बुडाला न्हाय, परत जावा!" आता काय करायचं, आलोच आहोत म्हणून बसतो आपले त्यांच्या अंगणात. चकल्या बऱ्या करतात त्या बाजूला.